दूरशिक्षणाच्या कोर्सची यादी ज्ञानकोशात असावी का?

रविवारची_बाई

मंडळी, एक भांडण इथे घेऊन आलेय. तिकडे चर्चा पानावर आम्ही दोघंच भांडतोय आणि दोघंही दमलोय.

मी मराठी विकिपीडियावर अधूनमधून लिहिते. फार मोठं काही नाही. शुद्धलेखन, नाहीतर 'संदर्भ हवा' अशी पाटी लागलेल्या ओळींना संदर्भ शोधून देणं. गेल्या महिन्यात राज्यातल्या एका विद्यापीठाच्या लेखात कुणीतरी दूरशिक्षणाच्या यच्चयावत अभ्यासक्रमांचा तक्ता टाकला. ६३ ओळी! नाव, कालावधी, पात्रता, फी, प्रवेशाची शेवटची तारीख. विद्यापीठाची माहिती सगळी मिळून चार ओळी आणि खाली ही मारुतीची शेपटी. मी काढला. दुसऱ्या दिवशी परत आला. परत काढला. मग त्या सदस्याने लिहिलं, "ताई, विद्यापीठ शिकवतं काय हेच लिहायचं नाही, तर लेख कशाला ठेवलाय?"

हे वाक्य काही डोक्यातून जात नाही. कारण १४ वर्षं मी एका अभ्यासकेंद्रावर रविवारी संपर्कसत्रं घेतली आहेत. केंद्राच्या खिडकीशी येणारं माणूस काय विचारतं ते मला पाठ आहे: फॉर्म कधी सुटतो, फी किती, बारावीला गॅप आहे, चालेल का. विद्यापीठाची स्थापना कधी झाली, हे १४ वर्षांत एकानेही विचारलं नाही.

तर, ऑनलाइन ज्ञानकोशात दूरशिक्षणाचे कोर्स द्यावेत की नाही? द्यायचे तर किती?

चहाची_टपरी

रुमाल टाकून ठेवतो. विकीवर ६३ ओळींचा तक्ता हाताने बनवणाऱ्याला आधी साष्टांग दंडवत. माझी तिसऱ्या ओळीतच एक उभी रेघ चुकते आणि अख्खं पान आडवं होतं.

खोडरबर

काढलात ते बरोबरच केलंत, बाई. ज्ञानकोश म्हणजे निर्देशिका नव्हे आणि माहितीपत्रकही नव्हे, हे विकिपीडियाच्या जुन्या धोरणातच आहे. फी आणि तारखा तर बघताक्षणी उडवाव्यात. तक्ता टाकणारा एकदाच येतो आणि ताजा ठेवायला कुण्णी येत नाही. अशाच एका तक्त्याचा 'इतिहास पहा' उघडून बसलो होतो. टाकणाऱ्या सदस्याचं आजवरचं एकूण योगदान: एक संपादन. तेच ते.

आणि सगळेच भोळे नसतात हो. शेवटच्या रकान्यात हळूच 'प्रवेशासाठी संपर्क' म्हणून मोबाइल नंबर असतो. तो विद्यापीठाचा नसतो, कुठल्यातरी एजंटाचा असतो. विकिपीडियातल्या बाहेरच्या दुव्यांना शोधयंत्रांनी भाव देऊ नये अशी खूण २००७ पासून त्या दुव्यांतच घातलेली असते. तरी यांची हौस फिटत नाही.

खाडीपलीकडचा

खोडरबर, शहरात बसून हे म्हणणं सोपं आहे.

२०११ची गोष्ट. मी सावंतवाडीजवळच्या गावात हार्डवेअरच्या दुकानात कामाला. फोन बटणांचा, नेट टूजी. माहितीपत्रकाची पीडीएफ अर्ध्यावर यायची आणि तुटायची. आली तरी स्कॅन तिरकं, आकडे वाचता येत नसत. विकीचं पान मात्र उघडायचं, त्यात नुसती अक्षरं ना. तिथे एका ओळीत लिहिलेलं होतं की बारावी नसलेल्यांना पूर्वतयारी परीक्षा देऊन बी.ए.ला बसता येतं. मी दहावी नापास. ती ओळ मी बिलबुकाच्या पाठच्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतली. मालकाने विचारलं, कसली उधारी लिहितोस?

पुठ्ठा अजून आहे माझ्याकडे. पदवीचं सर्टिफिकेटही आहे. त्यामुळे 'बघताक्षणी उडवा' वगैरे वाचलं की पोटात गोळा येतो.

चहाची_टपरी

>> कसली उधारी लिहितोस?

धागा इथेच वसूल.

खोडरबर

खाडीपलीकडचा, मी शहरातला आहे हे खरं. पण तुमच्या उपयोगी पडलेली ओळ नीट बघा. त्यात फी नव्हती, तारीख नव्हती. ते विद्यापीठ काढलंच का, हे सांगणारी ओळ होती ती. ती उडवणाऱ्याशी मीच भांडेन.

गंगापूर_रोड

ती ओळ म्हणजे आमचं नाशिकचं मुक्त विद्यापीठ, दुसरं कोण! यशवंतराव चव्हाणांच्या नावाने १९८९ साली सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद आणि आवार गंगापूर धरणाच्या बाजूला. शाळा सुटलेल्या माणसाला मागच्या दाराने नव्हे तर पुढच्या दाराने आत घ्यायचं, ही कल्पना. त्याआधी दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं होतं, देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ हैदराबादला १९८२ साली निघालं, आणि इग्नू, म्हणजे इंदिरा गांधींच्या नावाचं राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८५चं. ताकवले पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले.

हे सगळं लिहायला बसलं तर झकास लेख होतो. पूर्वतयारीची कल्पना कुठून आली, पुस्तकं स्वतः शिकता येतील अशी कशी लिहून घेतली, तालुक्याच्या कॉलेजात रविवारी केंद्रं कशी उभी राहिली. पण ते लिहायला कुणी येत नाही. तक्ता टाकायला येतात.

टवाळ_टिपू

मुक्त विद्यापीठ म्हणजे अभ्यासातून मुक्त. ह.घ्या.

खाकी_वर्दी

टिपूभाऊ, हलकं घेतलं. पण माझं बी.ए. मुक्तचं आहे. गणपती बंदोबस्त संपवून पहाटे चारला खोलीवर आलो आणि अकराला पेपर दिला आहे, बूटसुद्धा न काढता. खात्यात कुणी 'मुक्तवाला' म्हटलं की आता मी हसतो. दहा वर्षांपूर्वी हसत नव्हतो.

टवाळ_टिपू

माफी साहेब. शब्द मागे.

नाईटशिफ्ट

मी दुसऱ्या बाजूने बोलतो, कारण आमच्या घरात हे भोगून झालंय.

मामेभावाने डिप्लोमानंतर नोकरी करता करता एका बाहेरच्या राज्यातल्या अभिमत विद्यापीठातून दूरशिक्षणाने बी.टेक. केलं. कुठलं ते लिहीत नाही. प्रवेश २००८चा. घरी सगळ्यांना शंका होती, तेव्हा त्याने इंटरनेटवरच्या त्या विद्यापीठाच्या लेखाचा प्रिंट काढून आणला होता. त्यात छान यादी. 'बी.टेक. (दूरशिक्षण), मान्यताप्राप्त'. मामाने चष्मा लावून 'मान्यताप्राप्त' या शब्दाखाली पेनाने रेघ मारली आणि पैसे दिले.

नोव्हेंबर २०१७ला सर्वोच्च न्यायालयाचा ओडिशा लिफ्ट इरिगेशनच्या प्रकरणातला निकाल आला. एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेची, परवानगी न घेता अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्या गेल्या. २००१ ते २००५चे प्रवेश होते त्यांना निदान परीक्षा देऊन पदवी वाचवायची संधी मिळाली. नंतरच्यांची रद्द. भावाची बढती त्या पदवीवर झालेली होती. पुढचं सांगत नाही.

त्या लेखातली यादी त्यानंतरही बरेच महिने तशीच होती. मी स्वतः जाऊन काढली. माझं विकिपीडियावरचं पहिलं आणि शेवटचं संपादन. (खोडरबर, बघा, मीही एका संपादनाचाच सदस्य.)

खोडरबर

तुमच्या एका संपादनाला माझी हजार संपादनं ओवाळून टाकावीत.

साधीसुधी

नमस्कार, मी इथे नवीन आहे. माझ्या आईला बी.ए. करायचं आहे. वय ४६, बारावी १९९७ला झाली आहे. आम्ही परभणी जिल्ह्यात आहोत. फी किती असते आणि कुठे चौकशी करायची, कुणी सांगेल का?

वाईकर_नसलेला

इथे ज्ञानकोश आणि पंचांग यांची गल्लत होतेय. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड आजही वाचता येतात. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६चा, त्यातल्याही कित्येक नोंदी आज तशाच उपयोगी आहेत. गेल्या वर्षीचं पंचांग मात्र पाडवा झाला की माळ्यावर. कोर्सची यादी हे पंचांग आहे. दर सत्राला बदलणार. जुलै-ऑगस्टचं वेगळं, जानेवारी-फेब्रुवारीचं वेगळं.

(आता कुणीतरी म्हणेलच की पंचांग घरोघरी असतं आणि विश्वकोश कुणाकडेच नसतो. म्हणा. मलाही तेच टोचतंय.)

शीघ्रलेखक

वाईकर, पण काही कोर्स पंचांगातले असूनही कोशात जातात, त्याचं काय? आयझॅक पिटमनने १८४०मध्ये इंग्लंडात पोस्टाने लघुलेखन शिकवायला सुरुवात केली. त्याच वर्षी पेनी पोस्ट निघालं होतं, म्हणजे देशभर एका पेनीत पत्र. पठ्ठ्या पोस्टाने धडा पाठवायचा, विद्यार्थी लघुलिपीत लिहून परत पाठवायचा, हा तपासून पुन्हा धाडायचा. हा एक कोर्सच की. पण दूरशिक्षणाचा इतिहास लिहिताना त्याला वगळता येत नाही.

माझं आडनाव सोडून सगळं पिटमनचं आहे. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सकाळी सातची बॅच, रेमिंग्टनवर ४० शब्दांची परीक्षा, आणि शेजारच्या खोलीत पिटमन. बाईंनी काढलेले आकडे, म्हणजे रेघा हो, अजून स्वप्नात येतात. जाड आणि बारीक रेघेत फरक केला नाही तर 'प'चा 'ब' होतो आणि साहेबाच्या पत्राचं वाटोळं.

चहाची_टपरी

टायपिंग इन्स्टिट्यूटवर वेगळा धागा काढा, शपथ घालतो. कितीजणांची लग्नं तिथे जमली त्याचाही तक्ता करू.

डेटाचा_डबा

तुम्ही सगळे लेखातच अडकलात. यादी लेखात नकोच, विकिडेटावर टाका, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या माहितीकोठारात. प्रत्येक कोर्सला सुरू झाल्याचं वर्ष, बंद झाल्याचं वर्ष, मान्यता कुणाची, कधीपासून कधीपर्यंत, संदर्भासकट. मग लेखात फक्त चालू असलेलं दिसेल. नाईटशिफ्टच्या मामांनी रेघ मारली तो शब्द तारखेशिवाय छापताच येणार नाही अशी सोय करता येते.

खोडरबर

डबा, डबा झकास आहे. भरणार कोण?

डेटाचा_डबा

तो तुमचा प्रश्न. मी फक्त डबा.

निवृत्त_मास्तर

नाईटशिफ्ट यांच्या प्रतिसादाला जोडून दोन गोष्टी, कारण यादी शिळी होते म्हणजे किती शिळी होते याचा अंदाज इथे कुणाला आलेला दिसत नाही.

छत्तीसगडमध्ये २००२च्या कायद्याखाली ११२ खाजगी विद्यापीठं निघाली. काहींचा पत्ता म्हणजे रायपुरातल्या एक-दोन खोल्या. शास्त्रज्ञ यशपाल यांनी याचिका केली आणि फेब्रुवारी २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी एका निकालात मोडीत काढली. २००४ साली 'छत्तीसगडमधली विद्यापीठं' अशी प्रामाणिक यादी केली असती तरी वर्षभरात ती फसवी ठरली असती. करणाऱ्याचा काही दोष नसताना!

दुसरी ताजी. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहार-पोषण असे आरोग्याशी जोडलेले विषय दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन शिकवायला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, बंदी घातली. बी.ए.ला बरेच विषय असतील तर त्यातला फक्त मानसशास्त्राचा पर्याय बाद, बाकी बी.ए. चालू. आता हे तुमच्या ६३ ओळींच्या तक्त्यात कोण शोधणार? 'बी.ए.' ही ओळ बरोबरच दिसते, चूक तिच्या पोटात आहे.

आणि मान्यता देणारेही बदलले. आधी दूरशिक्षण परिषद होती, इग्नूच्या छत्राखाली. २०१३मध्ये ती गेली, काम यूजीसीकडे आलं. तरी 'दूरशिक्षण परिषदेची मान्यता' असं मिरवणारे लेख मी अजून बघतो. विसर्जित संस्थेची मान्यता म्हणजे मयताची सही.

मात्र एका गोष्टीत खाडीपलीकडचा यांच्याशी सहमत. मान्यता असलेल्या दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरावी, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. ही ओळ प्रत्येक लेखात हवी. ती कुणी टाकत नाही.

हागेनची_मावशी

जर्मनीतून. मी राहते त्या हागेन गावात १९७४ साली दूरशिक्षणाचंच सरकारी विद्यापीठ काढलं, अजून जोरात चालू आहे. आमच्या बेकरीतली बाई तिथून कायदा शिकतेय.

सांगायचं ते वेगळंच. भारतातली पदवी घेऊन इकडे आलं की अधिकारी विकिपीडिया उघडत नाहीत. 'अनाबिन' नावाची सरकारी यादी आहे, त्यात तुमचं विद्यापीठ शोधतात. समोर 'एच प्लस' (म्हणजे संस्था मान्य) असेल तर जीव भांड्यात. ती यादी सांभाळायला पगारी माणसं आहेत. मुद्दा हाच, की यादी चुकली तर कुणाला तरी जाब विचारता आला पाहिजे. हौशी लोकांकडून ही अपेक्षा करू नये आणि हौशी लोकांनी ती अंगावर घेऊही नये.

खाडीपलीकडचा

मावशी, सरकारी यादी आपल्याकडेही आहे. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ आणि सत्रनिहाय मान्यता दिसते. इंग्रजीत. माझ्या बायकोच्या अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंना ती वाचून दाखवावी लागते. 'तुम्ही अधिकृत यादी बघा' म्हणणं आणि 'डॉक्टरला दाखवा' म्हणणं सारखंच. दवाखाना कुठेय ते सांगा.

मला ६३ ओळी नकोत. निवृत्त मास्तरांचं वाचून पटलं. पण लेखात एक परिच्छेद मराठीत हवा. कुणाला प्रवेश मिळतो, इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, वकिली असलं काही दूरशिक्षणाने होत नाही, राज्य विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर दूरशिक्षणाची केंद्रं चालवता येत नाहीत, आणि मान्यता कुठे तपासायची. हे दर सहा महिन्यांनी बदलत नाही.

नाईटशिफ्ट

+१. हा परिच्छेद २००८ साली त्या प्रिंटमध्ये असता तर मामाने रेघ दुसऱ्या ओळीखाली मारली असती.

वाईकर_नसलेला

हे चालेल. याला मी पंचांग म्हणणार नाही, पंचांग कसं वाचावं ही नोंद म्हणेन.

खोडरबर

परिच्छेदाला हरकत नाही, प्रत्येक वाक्याला संदर्भ असेल तर. पण 'काय करावे, कुठे जावे' अशी भाषा नको, तेही धोरणात बसत नाही. 'मान्यता यूजीसी देते' लिहा, 'मान्यता तपासून घ्या' लिहू नका.

चहाची_टपरी

म्हणजे विहीर आहे असं लिहायचं, पडू नका असं लिहायचं नाही.

खोडरबर

'विहिरीला कठडा नाही' असं लिहायचं. संदर्भासकट.

खाकी_वर्दी

सगळे एवढे शहाणे बोलताय, वर त्या परभणीच्या ताईंनी आईसाठी प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर कुणी दिलं का?

टवाळ_टिपू

आईशप्पथ. धागा फी सांगावी की नाही यावर आणि फी विचारणारी बाई दारात उभी.

रविवारची_बाई

खाकी वर्दी, बरं झालं आठवण केलीत. माझीच चूक, धागा माझा आहे.

साधीसुधी, आईंना आधी माझा नमस्कार सांगा. बारावी झालेली आहे म्हणजे प्रवेशाला अडचण नाही, वयाचीही नाही. गॅप किती पडला हे कुणी विचारत नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं विभागीय केंद्र तुम्हाला जवळचं म्हणजे नांदेड. परभणी जिल्ह्यातल्या अभ्यासकेंद्रांची नावं ते देतील. केंद्र शक्यतो जवळचं घ्या, कारण एसटी चुकली की रविवारचं सत्र बुडतं आणि दोन सत्रं बुडली की बायका परत येत नाहीत, हे मी पाहिलंय. फी मी सांगत नाही. मुद्दाम नव्हे, यंदाची मला ठाऊक नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जो आकडा असेल तोच भरा, वर कुणी 'फॉर्म भरून देण्याचे' मागितले तर ते वेगळे समजा.

आधीच करून ठेवायचं काम: आता दूरशिक्षणाच्या प्रवेशाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डीईबी आयडी लागतो आणि त्यासाठी आधी एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या सरकारी खात्याचा क्रमांक. दोन्ही फुकट आहेत, फोनवर होतात. आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळतंय का बघा. नव्वद टक्के गोंधळ तिथे होतो. (हा आकडा माझा अंदाज आहे, खोडरबर, 'संदर्भ हवा' लावू नका.)

बाकी मंडळी, मी तक्ता पुन्हा काढला आहे. खाडीपलीकडचा यांनी सांगितलेला परिच्छेद लिहायला घेतलाय, धूळपाटीवर (विकीवरच्या कच्च्या लिखाणाच्या पानावर) ठेवते, सगळ्यांनी हात मारा. गंगापूर रोड, इतिहासाचा भाग तुमच्या गळ्यात. आणि त्या तक्तावाल्या सदस्याला मी इकडे बोलावलंय. तो म्हणाला, ६३ ओळी करायला त्याला दोन रात्री लागल्या होत्या. ते ऐकून जरा वाईट वाटलं.

डेटाचा_डबा

त्याला माझ्याकडे पाठवा. भरणारा सापडला!

साधीसुधी

खूप खूप आभार बाई. आधारवर आईचं सासरचं नाव आहे आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं. मग आता?

रविवारची_बाई

चालतं. लग्नाच्या नोंदणीचा दाखला जोडतात. तो नसेल तर राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागतं, त्याला वेळ लागतो, म्हणून आजच कपाट उघडा. आणि एबीसी आयडी काढण्याआधी आईंना विचारा, पदवीवर कुठलं नाव हवंय.

साधीसुधी

विचारलं. विचार करून सांगते म्हणाली.